मामाने आणलेली साडी

सुर्ला, डिचोली
१९ फेब्रुवारी २०२६

वाचक सात यांस,

तुमचे नाव मला माहीत नाही. लोकांच्या प्रतिक्रिया तपासणाऱ्या तुमच्या 'शेजार' गटाच्या प्रज्योत यांना मी विचारले. ते म्हणाले, आमच्याकडे वाचकांना नंबर असतात, नावे कोणी सांगत नाही; तुम्ही पत्र लिहा, मी पोचवतो. म्हणून नंबराला पत्र लिहिते आहे.

मी शुभांगी. सुर्ल्यातल्या एका बालवाडीत शिकवते. एक फेब्रुवारीला मी एक मिनिट दहा सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. खनिजाचे ट्रक पुन्हा सुरू झाले आहेत. आमच्या वळणावर ते वेग कमी करत नाहीत आणि वर ताडपत्री बांधलेली नसते. मुलांनी डबा उघडला की पोळीवर लाल धूळ बसते. एवढेच मी बोलले आणि डबा दाखवला.

आम्ही मूळचे घाटावरच्या चंदगडचे. बाबा बावीस वर्षे इथल्या कारखान्यात आहेत. माझा जन्म डिचोलीचा. तरी लोकांनी लिहिले, घाटी आता आम्हाला शिकवणार काय, पहिल्या गाडीने परत पाठवा. ही त्यातल्या त्यात बरी ओळ. बाकीच्या इथे उतरवत नाही. तुम्ही त्या वाचल्याच आहेत.

त्या सगळ्यांच्या मध्ये तुमची ओळ आली. "डब्यावरची धूळ खरी आहे की नाही, एवढेच आधी सांगा. मुलगी कुठली, ते नंतर बघू." खाली गटाचे नाव आणि वाचक ७. ती मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. मग ती उठली आणि तिने दोघींची ताटे वाढली. त्या आठवड्यात आम्ही नीट बसून जेवलो नव्हतो.

प्रज्योत सांगत होते, एकेचाळीस प्रतिक्रिया काढून टाकायला लावल्या, त्यातल्या तेवीस तुम्ही शोधून दिल्या. ओळख ना पाळख, पैसा ना काही. घरी बसून तुम्ही त्या घाणीतून ओळ न ओळ वाचत गेलात. मी कोणासाठी असे केले नसते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. माझ्या फोटोला हार घालून कोणीतरी श्रद्धांजलीचे कार्ड फिरवले होते. आम्ही लगेच तक्रार केली. तुमच्या गटातल्या कोणीतरी ते पाहून 'हरकत नाही' असे दाबले आणि कार्ड नऊ दिवस फिरत राहिले. त्या माणसाला मी ओळखत नाही. पण त्याला माफ करणे मला जमणार नाही.

तुम्ही तशा नाही, किंवा तसे नाही. म्हणून तुम्हाला लिहिले.

तुमची,
शुभांगी


लाटंबार्से
२१ फेब्रुवारी

चि. प्रज्योत,

शुभांगीचे पत्र मिळाले. वाचून झाल्यावर मी वही काढली.

शाळेतून निवृत्त झाले तरी वहीची सवय गेली नाही. सकाळी पाववाला पोदेर उंडे देऊन गेला की मी मोबाईल घेऊन पडवीत बसते, नऊला उठते, आणि काय पाहिले ते वहीत लिहिते. तीन फेब्रुवारीच्या पानावर असे आहे: "बासष्ट पाहिल्या. अकरा वाईट. एक मृत्यूची बातमी. मुलगी अगदी तरुण."

ते कार्ड मी सोडले होते.

आपल्या कामाची रीत अशी की एक-एक गोष्ट सुटी येते, मागचेपुढचे काही दिसत नाही. कार्ड एकटेच आले. फोटो, हार, बाजूला समई. 'अल्पशा आजाराने'. खाली 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ'. आपल्याकडे रोज सकाळी असे एखादे तरी येतेच. त्यावर शंका घ्यायची नसते. खरेच गेली का, असे विचारणाऱ्याला लोक माणूस म्हणत नाहीत. मी मोबाईल खाली ठेवला, हात जोडले. मग उचलून 'हरकत नाही' दाबले.

तिचा व्हिडिओ माझ्यापर्यंत आला तो दहा तारखेला. तीच मुलगी, हे मला ओळखू आले नाही. चौतीस वर्षे मी मुलांचे चेहरे लक्षात ठेवत आले.

शेजारचा बाबली रोज कुंपणावरून विचारतो, "बाई, मोबायलार बसून कोणाचें बरें जाता तरी कितें?" कोणाचे भले होते ते दाखवायला मी त्याला आकडे सांगत होते. आज तेवीस, काल सतरा.

हे मला तिला सांगायचे आहे. गटाचा नियम आहे, म्हणून आधी तुला विचारते.

सुमंगलाबाई


बेंगळुरू
२२ फेब्रुवारी

बाई,

नमस्कार करून विनंती करतो, सांगू नका.

प्रत्येक गोष्ट दोघे वाचतात. ते कार्ड दुसऱ्या वाचकानेही सोडले होते. तो साताऱ्याचा आहे, त्यानेही तुमच्यासारखेच हात जोडले असतील. चूक यंत्रणेची आहे, म्हणजे माझी. आता श्रद्धांजलीचे कार्ड आले की आधी घरच्यांना फोन, मगच निर्णय, असे मी कालपासून सुरू केले.

दुसरे असे की त्या मुलीचा आपल्यातल्या एकाच माणसावर विश्वास आहे. तो माणूस तुम्ही. तेवढाही तिच्याकडून काढून घ्यायचा का?

चौथीत तुम्ही माझे एक गणित चूक म्हणून खोडलेत. ते बरोबर होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या वर्गासमोर उभ्या राहून तसे सांगितलेत. ते मला चांगले आठवते, म्हणूनच लिहितो. हा वर्ग नाही, बाई. इथे सांगून फक्त तुमचे मन हलके होईल.

प्रज्योत


२५ फेब्रुवारी

प्रिय शुभांगी,

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. मी शाळेत शिकवत असे, एवढे सांगितले तर नियम मोडत नाही. तेव्हा मला 'बाई' म्हटलेस तरी चालेल.

आभार मानायचे तर मीच मानायला हवेत. घरात मी एकटी असते. सकाळचे हे दोन तास मला लागतात. आपण वाचलेले कोणाच्या उपयोगी पडते हे पहिल्यांदा तू कळवलेस. आईने ताटे वाढली, ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे.

कार्डाबद्दल एक विचारू? ते कोणी कोणी पाहिले? सांगावेसे वाटले नाही तर राहू दे.

तुझा व्हिडिओ मला आता दिसत नाही. तू काढून टाकलास का?

वाचक सात


सुर्ला
१ मार्च

बाई,

व्हिडिओ मी काढून टाकला. खातेही बंद केले. आईला तसे हवे होते.

तुम्ही विचारले म्हणून सांगते. ते कार्ड माझ्या मामाने पाहिले.

दीपकमामा चंदगडला असतो, आईचा धाकटा भाऊ. चार तारखेच्या संध्याकाळी गावातल्या कोणीतरी त्याला ते पाठवले. त्याने मला फोन लावला. घाणेरडे फोन येत होते म्हणून मी मोबाईल बंद ठेवला होता. आईचाही बंद होता. बाबा दुसऱ्या पाळीला होते, तिथे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. कोणीच फोन उचलत नाही म्हटल्यावर मामाला वाटले, खरे आहे. त्याने विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले. मामी आणि दोन्ही मुलांनी पण घेतले. चौघांनी माझ्या नावाने आंघोळ केली आणि मी इथे मुलांचे कागदी मासे कापत होते.

पहाटेच्या गाडीने तो तिलारी घाटाने दोडामार्गला आला. तिथून डिचोली. तिथून आमच्या घरापर्यंत चालत. दार मी उघडले.

तो मला बघून उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "शुभे, हाईस की गं तू." आईने पाणी दिले ते तो प्यायला नाही, नुसता पेला धरून बसला.

त्याच्या हातात कापडी पिशवी होती. ती तो आईला देईना. जाताना तिथेच राहिली. आईने उघडली तर आत पिवळी साडी. लग्नात मामाने भाचीला पिवळी साडी द्यायची असते. ती द्यायची राहिली, म्हणून माझ्या अंगावर घालायला तो ती घेऊन आला होता. आदल्या रात्री दुकानदाराला घरून उठवून आणून घेतली होती.

ती आता कपाटात आहे. आई ती ठेवू शकत नाही आणि टाकूही शकत नाही. कपाट उघडायचे झाले की ती मला सांगते.

महिनाअखेरीस मी बालवाडी सोडते आहे. आईने ठरवले आहे, मला चंदगडला मामाकडे पाठवायचे. मी विरोध केला नाही. पहिल्या गाडीने परत पाठवा म्हणत होते, ते खरे होते आहे.

मुलांना अजून सांगितलेले नाही.

शुभांगी


लाटंबार्से
५ मार्च

प्रिय शुभांगी,

हे पत्र प्रज्योतकडून न पाठवता तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर टपालाने पाठवते आहे. त्याला मी तसे कळवले आहे.

माझे नाव सुमंगला. लाटंबार्स्याला राहते, दोडामार्ग-डिचोली रस्त्यावर. ज्या माणसाला तू माफ करणार नाहीस, ती मी.

तीन तारखेला सकाळी सव्वाआठला ते कार्ड माझ्यासमोर आले. मला वाटले, कोणाची तरी मुलगी गेली. मी हात जोडले आणि कार्ड सोडून दिले. त्या वेळी बोट दुसरीकडे ठेवले असते तर संध्याकाळपर्यंत ते निघाले असते. मामांनी ते चार तारखेच्या संध्याकाळी पाहिले. तारखा मी पुनःपुन्हा ताडून पाहिल्या. एक दिवस पुरेसा होता.

दोडामार्गहून येणारी सकाळची गाडी माझ्या दारावरून जाते. पाच तारखेला तुझे मामा त्या गाडीत होते. मी तेव्हा फाटकाशी पोदेराकडून उंडे घेत असणार. गाडी येते तेव्हा मी धूळ लागू नये म्हणून उंड्यांवर पदर धरते.

आधीच्या पत्रात मी हे लपवले. सांगून फक्त माझे मन हलके होईल, असे मला सांगण्यात आले होते. तसे झालेले नाही, हे मात्र खरे.

तुझे पत्र तेव्हा चांगल्या माणसाला म्हणून आले होते. ते मी ठेवून घेऊ शकत नाही. सोबत परत पाठवते.

तू जावेस की राहावेस, हे बोलायचा हक्क मला नाही. डब्यावरची धूळ खरी होती. तेवढेच मला अजूनही म्हणता येते.

सुमंगला


लाटंबार्से
२६ मार्च

चि. प्रज्योत,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. तू विचारलेस, काम सोडणार का. नाही. पूर्वी मी दोन तास बसत असे, आता तीन बसते. पूर्वी एका गोष्टीला जेवढा वेळ देत होते त्याच्या दुप्पट देते. त्यामुळे आकडा कमी झाला आहे. बाबलीला मी आता आकडे सांगत नाही. तोही विचारायचा थांबला. काजूचे दिवस आहेत, बोंडू वेचायला माणूस मिळत नाही, त्याला आता तेवढेच दिसते.

महिना संपत आला. ती गेली असेल.

तुझ्या गणिताचे तू लिहिलेस. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितले खरे. पण पहिल्या दिवशी तू घरी गेलास तो रडत गेलास. ते मला आठवते.

सुमंगलाबाई


सुर्ला
२ एप्रिल

बाई,

मी गेले नाही. आधी ते सांगते.

तुमचे पत्र वाचून मी ते मुलांच्या रंगांच्या डब्याखाली ठेवले आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. मला फार राग आला होता. तुम्ही कोणी वाईट बाई असतात तर सोपे गेले असते. मग एका संध्याकाळी आईला वाचून दाखवले. आईने मामाला फोन लावला आणि मला म्हणाली, "त्यालाच वाचून दाखव. आंघोळ त्यानं केली."

मामाने पूर्ण ऐकून घेतले. मला वाटले, आता शिव्या देईल. तो म्हणाला, "त्या बाईनं हात जोडलं म्हंतीस?"

मी म्हटले, "हो."

"वळख न्हाई, पाळख न्हाई, आन हात जोडलं?"

"हो मामा."

नंतर म्हणाला, "आगं, समदी दुनिया तू मर म्हनत हुती. येक बाई तू मेलीस म्हनून वाईट वाटून घेत बसली. तिच्यावर कसला राग धरतीस?"

बाई, हे मला सुचले नव्हते. त्या दिवशीची सकाळ मी आठवून पाहिली. सव्वाआठला मी फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी गेले तर बरे असे लिहिणारे किती होते, ते मोजत होते. आणि त्याच वेळी वीसेक किलोमीटरवर कोणीतरी माझ्यासाठी हात जोडून बसले होते. मला ते माहीत नव्हते.

त्या नऊ दिवसांचे वाईट मला अजून वाटते. ते गेले असे लिहिणार नाही. पण त्याबरोबर हेही आता आहे.

मामाला मी साडीचे विचारले. आई ती कपाटात बघू शकत नाही, नदीत सोडायची का? तो चिडला. "चांगली साडी पान्यात सोडतीस? भाचीसाठी घेतली, भाचीच नेसंल." आई मागून म्हणाली, "अरे, ती लग्नात नेसायची असते." मामा म्हणाला, "लग्नाला दुसरी आनतो. ही धुळीत नेसू दे."

म्हणून ती मी धुळीत नेसणार आहे. रविवारी सकाळी, त्याच वळणावर. मोबाईल आई धरणार आहे. तिने कधी व्हिडिओ काढलेला नाही. माझी मान कापली जाईल असे बाबा म्हणतात. खाते पुन्हा उघडले आहे.

मागे घेतल्यावर बालवाडीतून परत आलेले राजीनाम्याचे पत्र आणि तुम्ही परत पाठवलेले माझे पत्र, दोन्ही माझ्याकडे आहेत. राजीनामा फाडते. माझे पत्र तुम्हाला पुन्हा पाठवते आहे. तुमच्याच नावाचे आहे.

फक्त वर 'वाचक सात' होते, ते खोडून नाव घातले आहे.

शुभांगी


लाटंबार्से
६ एप्रिल

प्रिय शुभांगी,

व्हिडिओ पाहिला. मान कापली गेलेली नाही, पाय गेले आहेत.

त्याखालच्या प्रतिक्रिया मी वाचायच्या नाहीत असे प्रज्योतने ठरवले. ओळखीच्या माणसाचे काम ओळखीच्याने करू नये, असा नियम आहे. साताऱ्याच्या त्या वाचकाने आपणहून ते काम मागून घेतले. मी नुसती पाहत बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोबाईलवर काही नुसते पाहिले.

साडी चांगली पिवळी आहे. पदरावरच्या घड्या तशाच दिसत होत्या. इस्त्री केली नाहीस ते बरे केलेस. मागून तीन ट्रक गेले. दोघांवर ताडपत्री नव्हती. तिसऱ्यावर होती, आणि त्याने वेग कमी केला. साडीकडे बघायला केला असेल तरी चालेल.

तुझे पत्र पोचले. वहीत ठेवले आहे, तीन फेब्रुवारीच्या पानात.

मामांना सांग, आता दोडामार्गहून येतील तेव्हा लाटंबार्स्याला उतरायचे. फाटकाबाहेर काजूचे मोठे झाड आहे. त्यांनी माझ्यासाठी जे म्हटले त्याचे काय करायचे ते मला माहीत नाही. निदान चहा तरी करता येईल. तू आणि आईही या.

आज सकाळी बाबली बोंडूंची टोपली घेऊन चालला होता. मी त्याला हाक मारून व्हिडिओ दाखवला. त्याने टोपली खाली ठेवली, हात धोतराला पुसले, मोबाईल हातात घेतला आणि शेवटपर्यंत पाहिले. डबा दाखवतेस तिथे मान हलवली.

"खरें उलयता," तो म्हणाला, म्हणजे तू खरे बोलतेस. मग मोबाईल परत देताना मुलगी कुठली ते विचारले, "खंयची बाई, ही चली?"

मी म्हटले, "सुर्ल्याची."

सुमंगला